खणात गुंडाळलेला उंदीर

देवासात आमच्या लहानपणी दोन दरबार होते हे सांगितलं की माझी नातवंडं हसतात. गाव एक, टेकडी एक, टेकडीवरची देवी एक, आणि राज्यं मात्र दोन; एकेका राज्याला पाती म्हणत. आमच्या दारापुढची गल्ली ही त्या दोन पात्यांची हद्द. आमच्या बाजूचे कंदील आमची पाती लावी, समोरचे समोरची पाती, आणि मधे खड्डा पडला तर तो दोघांचाही नसे. चोरामागे आमचा शिपाई धावला आणि चोराने उडी मारून समोरचा ओटा गाठला, की शिपाई कडेला उभा राहून शिव्या घाली आणि चोर त्याला अंगठा दाखवी. होळीला दोन्ही बाजूंची पोरं एकमेकांवर आधी शेणाचे गोळे आणि मग दगड फेकीत. दरवर्षी कुणाचं तरी डोकं फुटे. दाद मागायची सोय नव्हती, कारण दगड एका राज्यातून निघे आणि डोकं दुसऱ्या राज्यात फुटे.

प्लेगच्या दिवसांत लोकांनी या हद्दीचा आणखी एक उपयोग शोधून काढला. घरात उंदीर मरून पडला, की नियम असा होता की माणसांनी गावाबाहेर झोपड्यांत जायचं, घराची कौलं उतरवायची, आणि घर गवताकुडाचं असेल तर ते पेटवून द्यायचं. त्यामुळे ज्याच्या घरी उंदीर पडे तो बोंब मारत नसे. तो उंदीर चिमट्याने उचली, चिंधीत गुंडाळी आणि गल्लीत कुणी नाहीसं पाहून समोरच्या पातीत टाकून येई. समोरचेही तेच करीत. एकेका उंदराने मेल्यानंतर तीन-चार वेळा राज्य बदललं असेल. आम्ही पोरी त्यावर पोट धरून हसायचो. पुढे जे झालं त्यानंतर मला त्याचं हसू आलं नाही, म्हणून आज हे सगळं लिहायला बसले आहे.

आमच्या घरात मी, तात्या आणि आक्का. आई मला आठवत नाही. आक्का म्हणजे तात्यांची मोठी बहीण, माझी आत्या. धारला दिली होती, वयाच्या सोळाव्या वर्षी कपाळ पांढरं करून परत आली आणि आमच्या चुलीपुढे बसली ती कायमची. तिच्या हातात नेहमी फुंकणी असे. फुंकणीने विस्तव फुले आणि माझी पाठही. पोळी करपली एक फटका, दूध उतू गेलं दोन, उलट बोलले तर मोजणी नाही. तिचा माझ्यावर जीव नव्हता असं कुणी समजू नये. मारून झालं की तीच पाठीला तेल लावी आणि लावता लावता रडे. तात्या कधी मला बोटही लावत नसत. ते दरबारात मोजणी कामदार होते. जमीन मोजायची लोखंडी साखळी, आमच्याकडे तिला जरीब म्हणत, ती ओसरीवरच्या खुंटीला टांगलेली असे. संध्याकाळी घरी येऊन ते ती खुंटीवर अडकवीत तेव्हा खळखळ असा लांबलचक आवाज होई. तो आवाज आला की आक्का ताट वाढायला घेई आणि मी पाटपाणी मांडी. तात्या मिटल्या तोंडाचे, सभ्य गृहस्थ. गावात त्यांना मान होता.

आमच्या परसाच्या भिंतीमागे टेकडीच्या पायथ्याशी बेलदारवाडी होती. पंचवीस-तीस खोपटी, गवताने शाकारलेली. गावातला प्रत्येक चिरा या लोकांनी घडवलेला, आमच्या घराच्या पायऱ्यासुद्धा, पण स्वतःच्या डोक्यावर मात्र गवत. त्यांच्या आज्या-पणज्यांना कुठल्याशा घाटाच्या कामासाठी आणून ‘राहा इथेच’ असं तोंडी सांगितलेलं होतं, तेवढ्यावर तीन पिढ्या गेल्या. रामी त्यांतलीच. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी असेल, माहेर नालछ्याचं. ती आमच्याकडे माती, वाळू, गोवऱ्या आणून टाकी. तिचा नवरा भेरू गावातला एक नंबरचा पाथरवट. त्याने त्या वर्षी बेलदारवाडीत पहिल्यांदाच एक दगडी भिंत उभी केली होती, स्वतःच्या घराची. दिवसभर लोकांचं काम करून उरलेल्या उजेडात तो ती रचत होता. तीन भिंती अजून कुडाच्याच, पण त्या एका भिंतीला टेकून रामी अशी बसे, की सरदाराच्या बायकोने लोडाला टेकून काय बसावं.

मी आक्काची नजर चुकवून भिंतीवरून तिकडे जात असे. गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेला कणकेचा बाफला रामी राखेतून काढी, फडक्यात दाबून फोडी आणि त्यावर लसणाची चटणी घालून माझ्या हातावर ठेवी. आमच्या घरी तुपात बुडवलेले बाफले होत, पण ती चव त्यांना कधी आली नाही. ‘आक्का बई के केगा नी?’ असं ती दरवेळी विचारी आणि मी न सांगायची शपथ घेई. सोवळ्याओवळ्याची मला भीती होती ती फुंकणीपुरतीच. एकदा मी तिला म्हटलं, तुझी छोरी मला दे, सासरी घेऊन जाते. त्यावर ती इतकी हसली, की मांडीवरची पोर दचकून रडायला लागली.

आता कमिटीचं सांगते. आमच्या गल्लीतल्या मानकऱ्यांनी आणि नोकरदारांनी मिळून एक स्वच्छता कमिटी काढली होती. मुख्य होते आबासाहेब, आमच्या शेजारच्या वाड्यातले, आवाज मोठा आणि पानाचा डबा त्याहून मोठा. बैठक आमच्या ओसरीवर भरे, कारण नकाशे तात्यांकडे. चहा द्यायला मी जात असे, तेव्हा सतरंजीवर बेलदारवाडीचा नकाशा पसरलेला असे, पण त्यावर बेलदारवाडी नसे. आठ मोठे चौकोन असत, प्रत्येकात एक विहीर, पुढे बाग, आणि मधून गाडी जाईल असा रस्ता. जागा उंचावरची, वारा भरपूर, टेकडीचं पाणी गोड. प्लेगनंतर सगळ्यांना हवेशीर जागेत राहायचं होतं. तिसऱ्या चौकोनावर तात्यांनी बारीक अक्षरात आमचं आडनाव लिहिलं होतं.

‘बाकी सगळं झालं, तात्या भिया,’ आबासाहेब सुपारी कातरत म्हणत, ‘पण हटवायचं तर कारण पाहिजे. उगाच उठवलं तर दरबारात ओरड होईल. या बेलदारांकडे साला एक उंदीर पण पडत नाही.’

सगळे हसले. तात्याही हसले. मी कपबशा उचलून आत गेले.

माझं लग्न इंदूरला ठरलं होतं. वैशाखातली तिथी. घरात पापड, कुरडया, सांडगे, गव्हले यांचे डबे रचलेले, आणि त्यांच्यावर रोज उंदरांची धाड. आक्काने वैतागून डाळीच्या पिठात सोमल मळला आणि त्याच्या गोळ्या कोठीघरात कोपऱ्याकोपऱ्यांत ठेवल्या. चौथ्या दिवशी सकाळी गव्हाच्या कणगीमागे एक भला मोठा उंदीर उताणा पडलेला मिळाला. आक्काच्याच विषाने मेला होता, यात शंका नव्हती. गोळी अर्धी खाल्लेली त्याच्या शेजारीच होती. पण आक्काने आधी कोठीघराचं दार लोटून घेतलं.

‘कोण विश्वास ठेवणार, ठके?’ ती म्हणाली. ‘कमिटी आपल्याच ओसरीवर बसते. उद्या कौलं उतरवतील. इंदूरला कळलं, उंदीर पडला म्हणून, की लग्न मोडलंच समज. तेरा वर्षांची घोडी, पुन्हा कोण करणार तुला? गुंडाळ कशात तरी आणि समोरच्या पातीत टाकून ये. पदराखालून ने.’

मी हाताला लागेल ती चिंधी घेतली. ती होती माझ्या लग्नाच्या चोळीतून उरलेल्या खणाची, जांभळी, बारीक चौकटीची, लाल काठाची. आक्काने तो खण इंदूरहून मुद्दाम आणवला होता. चोळी बेतून दोन तुकडे उरले. त्यांतला एक आठच दिवसांपूर्वी आक्काने रामीला दिला होता, पोरीच्या टोपड्याला. दुसऱ्यात मी उंदीर गुंडाळला.

दारातून पाहते तर समोरच्या ओट्यावर त्या पातीचा शिपाई आरसा भिंतीला लावून दाढी करीत बसलेला. लग्न ठरलेली मुलगी, सकाळी सकाळी गल्ली ओलांडून जाते कुठे? मी मागे फिरले, परसात आले आणि भिंतीवरून ते बोचकं बेलदारवाडीच्या उकिरड्यावर फेकून दिलं. भीती वाटली म्हणून फेकलं हे खरं. पण त्याखाली आणखी एक गोष्ट होती आणि ती मी आज लपवणार नाही. मला वाटलं, त्यांच्याकडे काय, असतातच उंदीर. ज्या हातांनी मी रामीचा बाफला खात होते त्याच हातांनी मी ते फेकलं आणि घरात येऊन हात धुतले. आक्काला सांगितलं, समोर टाकला.

दुपारच्या आत बातमी आली, बेलदारवाडीत उंदीर पडला. कमिटीच्या झाडूवाल्याने उकिरड्यावरून बोचकं काढलं होतं. जेवण अर्धं टाकून तात्या उठले. खुंटीवरून जरीब काढली, रस्त्याची आखणी लगोलग करायची म्हणून. आबासाहेबांनी हवालदार आणि दहा-बारा लाठीवाले गोळा केले. मी परसातल्या भिंतीपाशी उभी होते.

हवालदाराने काठीने चिंधी उलगडली. उंदीर खाली पडला आणि खण काठीच्या टोकाला लोंबत राहिला. गर्दीतून रामी पुढे आली. तिने खण पाहिला, मग मान वर करून सरळ माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिला वाटलं, आता ही सांगेल.

‘यो तो तमारा घर को कपड़ो हे, बई,’ ती म्हणाली. ‘म्हारे जो दियो थो, यो रियो.’ आणि तिने काखेतल्या पोरीच्या डोक्यावरचं टोपडं काढून वर धरलं. तोच जांभळा रंग, तोच लाल काठ.

सगळे माझ्याकडे वळले. तात्यांनी मला विचारलं, आणि त्यांचा आवाज कधी नव्हे इतका मऊ होता, ‘ठकू, हा कपडा आपल्या घरातला आहे?’

तात्यांना माहीत होतं का? आयुष्यभर मी हा प्रश्न उलटसुलट करून पाहिला आहे. त्यांनी माझी चोळी पाहिली होती, हे मला माहीत आहे. त्या घटकेला मला एवढंच दिसलं की खरं बोलले तर कौलं उतरतील, लग्न मोडेल आणि आक्का फुंकणीने माझा जीव घेईल.

‘आक्काने रामीला दिला होता तो,’ मी म्हणाले.

त्यात एकही शब्द खोटा नव्हता असं मी नंतर किती वर्षं स्वतःला समजावीत होते. एक तुकडा दिलाच होता. पण सगळ्यांना कळायचं ते कळलं. उंदीर रामीच्या घरात पडला आणि तिने तो लपवायला उकिरड्यावर टाकला. आबासाहेबांनी ‘ऐकलंत?’ एवढंच म्हटलं आणि हवालदाराने पहिली मशाल पेटवली, रणरणत्या दुपारी.

वाळलेलं गवत, चैत्राची झळ. पहिल्या खोपटाने पेट घेतला आणि मी दहा अंक मोजावेत तेवढ्या वेळात पाच पेटली. बायका मडकी, गोधड्या, जातं, हाताला लागेल ते बाहेर ओढीत होत्या आणि लाठीवाले ते परत आगीत फेकीत होते, कारण उंदराच्या घरातलं सामानही जाळायचं असा नियम. एका म्हाताऱ्याने आपली छिन्नी-हातोड्याची पिशवी छातीशी धरली होती. ती सुटेना म्हणून त्याच्या मनगटावर लाठी मारली, ते हाड मोडल्याचा आवाज मी भिंतीपाशी ऐकला. रामी पोरीला सासूकडे देऊन आत शिरली ती धान्याचं गाडगं घेऊन बाहेर आली, तेव्हा तिचा डावा हात कोपरापर्यंत भाजलेला होता. गाडगं वाटेतच फुटलं. ज्वारी मातीत सांडली आणि लाह्या फुटायला लागल्या.

भेरू भिंतीपुढे उभा होता. ‘हम नी जावां,’ तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, ‘बाप-दादा यांज रिया हे.’ दोघातिघांनी पहारी लावून ती भिंत ढकलली. दगडी भिंतीला तर आग लागत नाही, तिला उंदराचं काय भय? पण नकाशात ती रस्त्याच्या मधोमध येत होती. भिंत पडली तशी बेलदारांनी दगड उचलले. आबासाहेबांचं कपाळ फुटलं, हवालदाराचे पुढचे दात गेले. मग लाठ्यांनी हातपाय पाहिले नाहीत, डोकी पाहिली. सगळा जमाव आमच्या घराच्या बाजूच्या बोळातून गल्लीत लोटला, समोरच्या पातीत शिरायला. तिथे गेलं की आमचा शिपाई हात लावू शकत नाही, हे चोरांना ठाऊक होतं तसं त्यांनाही ठाऊक होतं.

पण उंदराची बातमी गल्ली ओलांडून आधीच पोचली होती. समोरच्या ओट्यांवर त्या पातीचे लोक काठ्या घेऊन उभे होते, सकाळी दाढी करीत बसलेला तो शिपाईसुद्धा. ‘वईंज रो! इनी आड़ी मत आवजो!’ तिकडेच राहा, असं ओरडत त्यांनी पुढच्यांना झोडपायला सुरुवात केली. पाठीमागून आमचे, पुढून त्यांचे. मधे आठ हात रुंदीची गल्ली, कुणाच्याच राज्यात नसलेली, आणि तिच्यात शंभर माणसं. मी धावत ओसरीवर आले होते. आक्का मला आत ओढत होती, मी खांबाला मिठी मारली होती.

तिथे मी पाहिलं. भेरूने तात्यांचं पागोटं ओढलं. मारायला नाही, तो त्यांचे पाय धरायला वाकत होता आणि कुणीतरी मागून ढकललं, असं मला दिसलं. पागोटं गल्लीच्या धुळीत पडलं. आणि माझ्या सभ्य, मिटल्या तोंडाच्या वडिलांनी हातातली जरीब फिरवली. एकदा, दोनदा, तीनदा. तोच खळखळ आवाज. तिसऱ्या वेळी साखळीची मूठ भेरूच्या कानशिलावर बसली आणि तो आमच्याच पायरीवर, त्यानेच घडवलेल्या, आडवा झाला. तात्या पुढेही मारतच होते. आबासाहेबांनी त्यांना धरून मागे ओढलं, तेव्हा त्यांच्या तोंडातून फेस येत होता आणि ते एकसारखं म्हणत होते, ‘पागोटं, माझं पागोटं.’

भेरू तिसऱ्या दिवशी धारच्या रस्त्यावर एका आंब्याखाली गेला. बेलदारांनी तिथे मुक्काम टाकला होता. दंग्यात पडून मेला असं ठरलं. गोष्ट दरबारापर्यंत गेलीच नाही. बेलदारवाडीत एकही माणूस प्लेगने आजारी पडलं नाही, आमच्याकडेही नाही. वैशाखात ठरल्या तिथीला माझं लग्न झालं. दंग्याच्या रात्री तात्या घरी येऊन जरीब खुंटीला अडकवीत होते तेव्हा आक्का जागची हलली नाही, ताट मी वाढलं. आक्काने त्या दिवसानंतर मला कधी मारलं नाही. एकदा तिने मला विचारलं, ‘समोर टाकलास म्हणाली होतीस ना?’ मी पाटपाणी मांडायला घेतलं. ती चुलीकडे वळली. मार चुकला याचं मला तेव्हा फार वाईट वाटलं, आणि आजही वाटतं.

माझा नातू इथे इंदुरात नगरपालिकेत इंजिनिअर आहे. परवा जेवताना सांगत होता, ‘आजी, नाल्याकाठची झोपडपट्टी हटवायची आहे, बहुत गंदगी आहे तिथे, बीमारी पसरते.’ मी त्याला विचारलं, तिथे पुढे काय होणार? तो म्हणाला, कॉलनी. नकाशा झालाय. मुलगा चांगला आहे, मिटल्या तोंडाचा, सभ्य. मी त्याला हे प्रकरण वाचायला देणार होते, पण त्याला मराठी वाचायचा कंटाळा येतो. वाचून दाखवीन.

दंग्याच्या पुढच्या वर्षी टेकडीखाली आठ घरं उभी राहिली. बांधायला बेलदारच आले, दुसरे आणायचे कुठून? तिसऱ्या चौकोनातल्या आमच्या घराच्या वास्तुशांतीला मी सासरहून आले. घर खरंच सुरेख होतं, खिडक्यांतून वारा येई, विहिरीचं पाणी गोड. जेवणं झाल्यावर मिस्त्रीला पागोटं आणि कामकरणींना एकेक खण द्यायची रीत. आक्काने परात माझ्या हातात दिली. बायका अंगणात ओळीने उभ्या होत्या, शेवटच्या वाळूच्या खेपा अजून चालू होत्या. ओळीत रामी होती. आक्का माझ्या कानाशी पुटपुटली, ‘तिची ओटी भरू नको. नुसता हातात दे.’ ओटी सवाष्णीचीच भरायची असते, हे मला विधवेकडून ऐकावं लागलं.

मी तिच्यापुढे गेले. ती वाळूचं घमेलं नुकतंच उतरवून उभी होती. डाव्या हाताची कातडी आवळून बोटं आत वळली होती. मी घडी उचलली, हिरवा खण, मी निवडलेला, सगळ्यांत चांगला. तिने हात पुढे केला नाही. तिने डोक्यावरची चुंबळ काढली, ओझ्याखाली ठेवायची ती कापडाची वळकटी, आणि चांगल्या हाताने सावकाश उलगडून माझ्यापुढे धरली. घामाने, चुन्याने रंग उडाला होता, पण चौकट दिसत होती आणि लाल काठ. काठीच्या टोकावरून पडलेला तो तिने त्या दिवशी उचलला असणार. आमच्या घराचा प्रत्येक दगड तिने त्यावर पेलून आणला होता.

‘खण हे म्हारा कने, बई,’ ती म्हणाली. ‘तमारोज हे.’

मग तिने तो पुन्हा वळला, डोक्यावर ठेवला आणि घमेलं उचलायला वाकली. मी ते तिच्या डोक्यावर चढवायला हात लावला. तिने लावू दिला.